पुराव्याचे ओझे

निर्मलच्या पेठेतून सैन्यात किंवा हवाई दलात गेलेला मुलगा ज्या दिवशी निवृत्त होऊन घरी येतो, त्या दिवसापासून त्याचे अर्धे आयुष्य दुसऱ्याच गावी राहू लागते. तो स्वतः शेताकडे पाहतो, मुलीच्या लग्नाची चिंता वाहतो, रविवारी सहकुटुंब मिस्साला येतो. परंतु त्याच्या नोकरीची वर्षे, त्याची दुखणी, त्याच्या पत्नीचे नाव, मुलांचे जन्मदिवस हे सारे कोठल्या तरी दूरच्या कचेरीत नोंदलेले असते. हवाई दलातील माणसांच्या निवृत्तिवेतनाची कचेरी दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमध्ये आहे, भूदलाच्या जवानांची प्रयागराजला. गोदावरीकाठच्या ह्या मुलखातून दोन्ही सारखीच लांब. कागदावरचे एक अक्षर चुकले तरी ते दुरुस्त करून घेण्यात वर्ष निघून जाते.

ह्या अडचणींविषयी नुसती तक्रार करून भागत नाही. तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे, आणि तो असा की, सिद्ध कोणी करावयाचे? शासनाने की माणसाने? हा प्रश्न किती खोल जातो हे समजण्यासाठी दोन मराठी वैमानिकांची हकीकत वाचकांपुढे ठेवतो. दोघेही एकाच युद्धात, एकाच जातीच्या विमानातून लढले. एक परत आला. दुसऱ्याचा पत्ता अद्याप लागलेला नाही.

परत आले ते दिलीप पारुळकर. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानावर जमिनीवरून गोळीबार झाला आणि एक गोळी त्यांच्या खांद्याला लागली. विमान सोडून छत्रीच्या साह्याने उडी घ्यावी असा सल्ला त्यांना मिळाला. पण त्यांनी जखमी हाताने विमान तळावर आणून उतरविले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. पुढे १९७१ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा युद्ध पेटले, तेव्हा ते सुखोई-७ हे विमान चालवीत होते. १० डिसेंबर रोजी ते शत्रूच्या मुलखात पाडले गेले आणि पकडले गेले. रावळपिंडी येथील छावणीत इतर भारतीय वैमानिकांबरोबर त्यांना ठेवण्यात आले.

युद्धकैद्यांसंबंधी १९४९ चा जिनीव्हा करार आहे. त्यानुसार छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी एक कार्ड पाठविता आले पाहिजे, त्याचे नाव रेडक्रॉसमार्फत त्याच्या देशाला कळले पाहिजे, आणि मेजरच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला दरमहा पन्नास स्विस फ्रँक इतकी रक्कम हातखर्चास मिळाली पाहिजे. पारुळकर आणि त्यांचे सोबती ह्या हातखर्चातून पैसे साठवू लागले. कशासाठी, ते १९७२ च्या ऑगस्टमध्ये उघड झाले. पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ह्या तिघांनी कोठडीच्या भिंतीतल्या विटा हळूहळू मोकळ्या केल्या होत्या. पावसाच्या एका वादळी रात्री ते त्या भोकातून बाहेर पडले आणि बसने पेशावरला पोचले. तेथून खैबर खिंडीच्या वाटेने अफगाणिस्तान गाठावयाचे असा बेत होता.

लंडी कोतल येथे त्यांनी चहा घेतला आणि लंडी खाना ह्या पुढच्या स्टेशनाचा रस्ता विचारला. त्यांच्यापाशी असलेल्या माहितीत ते स्टेशन होते. प्रत्यक्षात ते १९३२ सालीच बंद झालेले होते. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाला जाणारे हे तरुण कोण, असा संशय स्थानिक लोकांना आला. तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलातले नोकर आहोत असे सांगून पाहिले. कोणी फिलिप झाला, कोणी हॅरल्ड. (आमची नावे अशा वेळीही कामी येतात, ह्याचे वाचकांस हसू येईल.) ते नाटक टिकले नाही. संतापलेल्या जमावाच्या हाती आपण सापडणार असे दिसताच पारुळकरांनी छावणीच्या माजी अधिकाऱ्याला दूरध्वनी करण्याचा आग्रह धरला. तो पाकिस्तानी अधिकारी सज्जन होता. ही माणसे आमचीच आहेत, त्यांना सांभाळा, असे त्याने कळविले आणि त्यांचे प्राण वाचले. सरहद्द तेथून अवघी चार मैल राहिली होती. १ डिसेंबर १९७२ रोजी हे वैमानिक वाघा सीमेवरून मायदेशी परतले. पलायनाच्या ह्या प्रयत्नाबद्दल पारुळकरांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. ग्रुप कॅप्टन ह्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन ते पुण्यात राहिले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारले.

पारुळकरांचे नाव यादीत होते. कैद्यांची यादी निघाली तीत ते होते, सुटलेल्यांच्या यादीत होते, पुढे पदकांच्या आणि निवृत्तांच्या यादीतही आले. त्या एका नोंदीवर माणसाचे पुढचे सारे आयुष्य कागदोपत्री उभे राहते.

आता दुसरी हकीकत. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हेही सुखोई-७ चेच वैमानिक, बत्तीसाव्या स्क्वाड्रनमधले. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करण्यास ते गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे ह्या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. युद्धाच्या त्याच दिवसांत ढाक्याच्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांविषयी बातमी आली आणि तीत तांबे ह्यांच्या नावाशी जुळणारे नाव छापलेले होते, स्पेलिंग मात्र वेगळे. कैद्यांच्या अधिकृत यादीत हे नाव आले नाही. १९७२ च्या डिसेंबरमध्ये वाघ्याहून जे आले त्यांतही तांबे नव्हते.

अशी माणसे एकटे तांबेच नव्हेत. १९७९ साली परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री समरेंद्र कुंडू ह्यांनी लोकसभेत अशा बेपत्ता सैनिकांची यादी ठेवली. पुढे ती वाढत जाऊन चौपन्नांवर स्थिरावली आणि त्यांत सुमारे निम्मे हवाई दलाचे होते. आमच्या तुरुंगात असा कोणी नाही, हे पाकिस्तानचे उत्तर तेव्हापासून बदललेले नाही. १९८३ साली काही नातेवाइकांना मुलतानचा तुरुंग दाखविण्यात आला. २००७ च्या जूनमध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानात गेले, अनेक तुरुंगांत फिरले; त्यांत दमयंतीबाईही होत्या. कोणालाही आपला माणूस सापडला नाही. दमयंतीबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात त्यांनी नोकरी केली आणि सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणे चालूच ठेवले.

ह्या यादीतल्या मेजर अशोक सुरी ह्यांची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण कागदाची शक्ती तीत दिसते. ते भूदलातले. युद्धात पडले, असा शेरा त्यांच्या नावापुढे होता. १९७४ च्या अखेरीस आणि पुन्हा १९७५ साली त्यांच्या वडिलांना चिठ्ठ्या आल्या. दुसरी कराचीहून लिहिलेली होती, आणि आपल्यासारखे आणखी वीस अधिकारी तेथे आहेत असा तीत मजकूर होता. अक्षर मुलाचेच आहे असे ठरल्यावर संरक्षण खात्याने शेरा बदलला. ‘युद्धात पडले’ ह्याच्या जागी ‘बेपत्ता’ आले. मुलगा मात्र आला नाही.

वाचकहो, ह्या दोन शब्दांमध्ये संसाराचा केवढा फरक आहे पाहा. सैनिक युद्धात पडला तर त्याच्या कुटुंबास उदार कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते. ते साध्या कुटुंब-निवृत्तिवेतनाहून पुष्कळ अधिक, म्हणजे आजच्या नियमाने त्याच्या अखेरच्या वेतनाइतके असते. सैनिक कैदी असेल तर तो नोकरीत आहे, त्याचे वेतन चालू आहे, बढतीही चालू आहे. परंतु तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही, असे म्हणणाऱ्या पत्नीसाठी कचेरीच्या अर्जात रकाना नसतो. पैसे हवे असतील तर नवरा मेला ह्या शब्दाखाली सही कर, आणि तो जिवंत आहे असे म्हणावयाचे असेल तर ते तूच सिद्ध कर, असा तिच्यापुढे पेच पडतो. आमच्या मते इतके निष्ठुर बोलण्याचा कोणाचाच उद्देश नसतो. रकान्याच्या आखणीतूनच ते बोलले जाते.

कायदा ह्याविषयी काय म्हणतो? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात दोन कलमे पाठोपाठ होती, आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहेत. तीस वर्षांच्या आत जो जिवंत होता, तो मेला असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, हे पहिले. परंतु ज्याची वार्ता स्वाभाविकपणे ज्यांना कळली असती त्यांना सात वर्षांत ती कळली नाही, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, हे दुसरे. पुराव्याचे ओझे सात वर्षांनंतर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. मालमत्तेच्या वाटणीसाठी हा नियम सोयीचा आहे. ज्याला शासनाने स्वतःच परक्या मुलखात पाठविले, त्याच्या बाबतीत हे ओझे त्याच्या पत्नीने का वाहावे?

केंद्र शासनाने १९८६ साली आपल्या बेपत्ता कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांविषयी एक आदेश काढला, आणि तो आम्हाला शहाणपणाचा वाटतो. पोलिसांत वर्दी द्यावी, बंधपत्र लिहून द्यावे, आणि वर्षानंतर कुटुंब-निवृत्तिवेतन घ्यावे. (ही मुदत पुढे सहा महिन्यांवर आणली गेली.) त्या बंधपत्रात असे म्हटलेले असते की, माणूस परत आला तर दिलेली रक्कम त्याच्या येणे रकमेतून वळती करून घ्यावी. म्हणजे घरातली चूलही पेटती राहिली आणि नवरा मेला असे लिहून देण्याचीही सक्ती राहिली नाही. सरकारी भाषेत करुणा कशी लिहावी ह्याचा हा उत्तम नमुना होय.

बेपत्ता सैनिकांचा विषय अखेर गुजरात उच्च न्यायालयापुढे गेला. १९९९ साली दाखल झालेल्या अर्जावर २०११ च्या डिसेंबरमध्ये निकाल लागला. हे चौपन्न जण सेवेतच होते असे धरून निवृत्तीच्या वयापर्यंतचे लाभ त्यांच्या कुटुंबांस द्यावेत, आणि शासनाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावे, असे न्यायालयाने सांगितले. ह्यांतल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासंबंधीच्या आदेशास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्थगिती दिली. युद्धाला तोवर चाळीस वर्षे होऊन गेली होती. १९७१ साली पंचविशीत असलेला अधिकारी तोवर कितीतरी आधी निवृत्त होऊन नातवंडे खेळवीत असता.

जे परत आले, त्यांनाही हे ओझे चुकले नाही. विमानात काम करणाऱ्याच्या दुखण्यांचा एक चमत्कारिक गुण असा की, ती उशिरा बोलू लागतात. वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी जी यंत्रणा असते, तिचा धक्का क्षणार्धाचा असला तरी पाठीचा कणा तो जन्मभर लक्षात ठेवतो. १९६५ च्या युद्धात पकडले गेलेले के. सी. करिअप्पा (जनरल करिअप्पांचे चिरंजीव) ह्यांच्या कण्याला अशीच इजा झाली होती. परंतु विमानात केवळ वैमानिक नसतो. फ्लाइट इंजिनिअर असतो, सिग्नलर असतो, गनर असतो. पंख्याच्या विमानांत आणि हेलिकॉप्टरांत त्यांनी हजारो तास इंजिनाच्या घरघराटात काढलेले असतात. कानांनी कमी ऐकू येणे आणि कमरेचे न हटणारे दुखणे ही त्यांच्या नोकरीची शिल्लक. पन्नाशीत ती जाणवू लागली की वैद्यकीय मंडळ विचारते, हे सेवेमुळे झाले कशावरून?

वास्तविक ह्याचे उत्तर नियमांतच होते. १९८२ चे नियम असे सांगत की, भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर रोगाची नोंद नाही तो धडधाकट होता असे समजावे. पुढे तो आजारी पडला तर ते सेवेमुळे असे धरावे. अर्जदाराला पुरावा मागू नये, आणि शंका असल्यास तिचा फायदा त्याला द्यावा. नियम असा असूनही वर्षानुवर्षे जवानांचे अर्ज ‘सेवेशी संबंध नाही’ एवढ्या एका ओळीने परत जात. सिग्नल कोअरमधील धरमवीर सिंग हे शिपाई सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फेफऱ्याच्या कारणाने घरी पाठविले गेले आणि त्यांचे अपंगत्व-वेतन असेच नाकारले गेले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, ओझे शिपायावर नाही. भरतीच्या वेळी रोग का दिसला नाही ह्याची कारणे मंडळाने लिहिली पाहिजेत. भूदल, नौदल, हवाई दल, सर्वांच्या माणसांना ह्या निकालाचा आधार मिळाला. पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर २०१४ रोजी, राम अवतार ह्यांच्या खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. अपंगत्वाचा अंश पन्नास टक्क्यांहून कमी असल्यास पन्नास, त्यापुढे पंचाहत्तर आणि मग शंभर असा पुरा धरण्याची जी सवलत होती, ती केवळ आजारपणाने मुदतीपूर्वी काढलेल्यांना नव्हे, तर मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही लागू झाली.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये शासनाने नवे नियम आणले आणि कित्येकांच्या बाबतीत अपंगत्व-वेतनाऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा शब्द आला. खऱ्या जखमीचा पैसा खोट्या अर्जदाराने नेऊ नये, असे शासनाचे म्हणणे. जवानांच्या संघटनांना मात्र जुने ओझे नव्या नावाने परत येते की काय अशी भीती वाटते. खोटे अर्ज येतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु दहा खोटे सापडावेत म्हणून एका खऱ्याला दिल्लीची वारी घडविणे आम्हाला पटत नाही.

समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन ह्या मागणीविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ आले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. २०१५ च्या जूनपासून म्हातारे जवान दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले, त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला आदेश निघाला, आणि १६ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य ठेवला. दर पाच वर्षांनी आकडे नव्याने मांडावयाचे असे ठरलेले आहे.

आता आपल्या घरांतल्या कागदांकडे वळू. निवृत्तिवेतनाचा व्यवहार आता ‘स्पर्श’ ह्या संगणकीय पद्धतीने चालतो. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो (ऐंशी वर्षे पुरी झालेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो), आणि २०१४ पासून तो अंगठा उमटवूनही देता येतो. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा यंत्राला नेहमीच सापडतात असे नाही. सापडल्या नाहीत तर हातचे काम टाकून अधिकाऱ्याच्या सहीचा कागद करून घ्यावा, पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

खरा घोटाळा नावांचा असतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने ऐकून जसे लिहिले तसे पत्नीचे नाव नोंदलेले असते. आपल्या कुटुंबांत तर बाप्तिस्म्याचे नाव एक, घरचे दुसरे, आणि आधार कार्डावर तिसरेच काही. तेलंगी रिवाजाने आडनाव आधी, मराठी रिवाजाने शेवटी. नवरा जिवंत आहे तोवर ह्याने काही अडत नाही. तो गेला की विधवेला कळते की, कचेरीतली मेरी आणि बँकेतली शांताबाई ह्या दोन भिन्न बाया आहेत. शिवाय ऐंशी वर्षांनंतर निवृत्तिवेतनात वीस टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीनंतर तीस, नव्वदीनंतर चाळीस. ही वाढ विधवेलाही मिळते, पण जुन्या आदेशांत तिची जन्मतारीख पुष्कळदा लिहिलेलीच नसते. तारीख नाही, म्हणून वाढ नाही.

ह्यावर उपाय एकच, आणि तो नवरा हयात असतानाच करावयाचा आहे. निवृत्तिवेतनाचा आदेश, सेवेतून मुक्त झाल्याचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक ही चार कागदे जवळजवळ ठेवून त्यांतली नावे आणि तारखा अक्षर न् अक्षर ताडून पाहाव्यात. फरक दिसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कचेरीत जाऊन दुरुस्तीचा अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. कोणता पुरावा चालेल ते तेथेच आधी विचारावे. लग्नाची आणि बाप्तिस्म्याची नोंद मंदिराच्या वहीत असते. उतारा मागताना धर्मगुरूंना साल आणि वधूच्या माहेरचे गाव सांगितले, तर जुनी नोंद लवकर सापडते. उताऱ्याच्या दोन प्रती घ्याव्यात आणि मूळ प्रत कोणत्याही कचेरीत देऊ नये.